क्षमायाचना की भरपाई : कॅनडातील चर्चचे उत्तरदायित्व

कॅनडात सुमारे दीड लाख आदिवासी मुलांना आईवडिलांपासून तोडून निवासी शाळांत ठेवले गेले. खर्च सरकारचा आणि यांतील बऱ्याच शाळांचा कारभार चर्चचा होता. तिथल्या मारहाणीची आणि लैंगिक अत्याचारांची जबाबदारी चर्चने क्षमा मागून उचलावी की भरपाई देऊन?

क्षमायाचनेचे मोल कमी नाही. युनायटेड चर्च या कॅनडातील प्रोटेस्टंट चर्चने 1986 मध्ये सडबरी शहरात आदिवासींची माफी मागितली, तेव्हा वडीलधाऱ्यांनी ती ऐकून घेतली, पण स्वीकारली नाही. त्या प्रसंगाची आठवण म्हणून रचलेली दगडांची रास मुद्दाम अपुरी ठेवली गेली. निवासी शाळांसाठी वेगळी माफी मागायला याच चर्चला 1998 साल उजाडले, आणि पोप फ्रान्सिस यांनी आल्बर्टातील मास्क्वासिस येथे क्षमा मागितली ती थेट जुलै 2022 मध्ये.

भरपाई मात्र मोजता येते, म्हणूनच तिच्यातली कुचराई लपत नाही. निवासी शाळांतील पीडितांच्या भरपाईसाठी झालेल्या 2006 च्या समझोत्यानुसार कॅथलिक संस्थांनी अडीच कोटी डॉलर उभारण्यासाठी प्रयत्न करायचे होते. प्रत्यक्षात 40 लाखसुद्धा जमले नाहीत, आणि 2015 मध्ये न्यायालयाच्या निकालाने त्यांची त्यातून सुटका झाली. माझ्या मते भरपाईचे पारडे जड आहे. मात्र तिच्यात पैशांइतक्याच शाळांच्या जुन्या नोंदीही यायला हव्यात, कारण घरी न परतलेले मूल कुठे पुरले, हे विचारणाऱ्या कुटुंबाला उत्तर त्या नोंदींतूनच मिळू शकते.