डबल बेल दिल्याशिवाय नात हलत नाही

ठाण्यात पाचपाखाडीतल्या एका छोट्यांच्या गाणी-खेळ वर्गात सूनबाईने नातीचं नाव घातलं, तेव्हा नाक मुरडणारा मीच. सव्वातीन वर्षांच्या पोरीला कसलं आलंय संगीत? आठ शनिवारांचे २,८०० रुपये! तेवढ्यात आमच्या भजनी मंडळाला नवे टाळ आले असते. पण मुलगा-सून दोघं नोकरीला, त्यामुळे ने-आण माझ्याकडे आली आणि आठही शनिवार मी कोपऱ्यात मांडी घालून बघत बसलो.

इथे सारेगम शिकवत नाहीत. ती अपेक्षा असेल तर जाऊच नका. एका टोपलीत खंजिऱ्या, चिपळ्या, करवंट्या, साबुदाणा भरलेल्या बाटल्या. बारा मुलं, दोन ताई. एक डफावर ठेका धरते, दुसरी गाते. आवाज साधाच, पण सुरात.

खरी गंमत थांबण्याच्या खेळात. डफ वाजतोय तोवर चालायचं, थांबला की जागच्या जागी पुतळा. पहिल्या शनिवारी आमची बाई थांबलीच नाही, भिंतीपर्यंत गेली. घरीही तेच, दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत दम म्हणून नाही. तिसऱ्या शनिवारी डफ थांबला आणि ही एक पाय वर धरून उभी. ओठ घट्ट, डोळे डफावर, दाबलेल्या हसण्याने पोट हलतंय. शेजारचा मुलगा धपकन बसला, तरी ही ढळली नाही. ताई नंतर म्हणाल्या, "काका, ठेका चालू असला की पुढचा ठोका कधी येणार याचा अंदाज मुलं मनात बांधत असतात, त्यामुळे हातपाय आवरणं जमतं. नुसतं गप बस म्हटलं की ते जमत नाही."

मला हे लगेच पटलं. एकतीस वर्षं बेस्टमध्ये कंडक्टर होतो. सिंगल बेल, थांबा. डबल बेल, निघा. आता घरी रोज संध्याकाळी सोफ्याची बस निघते. स्टीलचा पेला आणि चमचा ही बेल. कंडक्टर नात, ड्रायव्हर मी, प्रवासी बाहुल्या. आधी ती मोजायची "एक, दोन, तीन, पाच", बोट भलतीकडेच. आता प्रत्येक बाहुलीच्या डोक्यावर टिचकी मारत आठपर्यंत बरोबर जाते. एका टिचकीला एकच आकडा, हे तिला वर्गातल्या टाळ्यांमधून उमगलं. तिथे शब्दांच्याही टाळ्या वाजवतात. ठा-णे दोन, च-पा-ती तीन. शब्दाचे असे तुकडे कानाला कळू लागले, तर पुढे वाचताना उपयोग होईलच.

सूनबाई याला परदेशी पद्धत म्हणते. अगं, बालवाड्या चालवणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि मग कोसबाडला आदिवासी मुलांना पानं, शिंपले, बिया आणि गाण्यांतूनच शिकवलं. तेव्हा ही दोन्ही गावं ठाणे जिल्ह्यातच होती.

आता तक्रारी. दुसरा मजला, लिफ्ट बंद, माझे गुडघे बोलायला लागले. ताप आला म्हणून एक शनिवार बुडाला असता तर पैसे गेले असते, बदली वार देत नाहीत. दारावर 'बुद्धी तल्लख करा' अशी पाटी आहे, तिच्या नादी लागू नका. पोरीला गणितात पैकीच्या पैकी पडावेत म्हणून कुणी खंजिरी वाजवत नसतं.

सगळ्यात राग आला तो शेवटच्या शनिवारचा. पालकांसाठी कार्यक्रम! कुठून तरी मोठा स्पीकर आणला, त्यावर तयार गाणं, समोर वीस मोबाईल उंचावलेले. आठवडे आठवडे डफाच्या आवाजावर हललेली मुलं भेदरली. दोघं रडली, आमची कानांवर हात ठेवून माझ्या मांडीत शिरली. मी ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, "काय करणार काका, आईवडिलांना काहीतरी बघायचं असतं." आईवडिलांना बघायचं असेल तर त्यांनी माझ्यासारखं कोपऱ्यात बसावं की!

पुढच्या आठ शनिवारांचे पैसे मी स्वतः भरलेत. शेवटच्या शनिवारी मात्र नातीच्या पोटात दुखणार आहे, हे आमचं दोघांचं ठरलंय.