दिल्ली विद्यापीठातलं कॉलेज : दोन सेमिस्टर काढल्यानंतर

वऱ्हाडात जुलै महिन्यात पैसा जमिनीत असतो. बियाणं, खत, फवारणी, निंदण. सोयाबीन घरात यायला दसरा-दिवाळी उजाडते, कापूस त्याहून मागं. दिल्ली विद्यापीठाची जागा लागते ती नेमकी याच हंगामात, आणि फी भरायला मोजके दिवस मिळतात. गावात अभिनंदनाचा फ्लेक्स लागतो तेव्हा बाप कृषी केंद्रवाल्याची उधारी कशी पुढं ढकलावी याच्या विचारात असतो. म्हणून दोन सेमिस्टरनंतर मत विचारलं तर ते असं: कॉलेज चांगलंच आहे, पण ते निवडताना नावाआधी खोली आणि रोकड यांचा हिशोब मांडा. यवतमाळ-वाशिमकडचं पोट्टं अभ्यासाला घाबरून क्वचितच परत येतं. ते परत येतं पहिल्या तीन महिन्यांतल्या खर्चानं.

सुरुवात सीयूईटीपासून, म्हणजे केंद्रीय विद्यापीठांच्या सामायिक प्रवेश परीक्षेपासून. दिल्ली विद्यापीठ २०२२ पासून पदवीचे प्रवेश याच परीक्षेवर देतं. जास्तीत जास्त पाच पेपर घेता येतात. प्रत्येकात ५० प्रश्न, ६० मिनिटं, बरोबरला ५ आणि चुकल्यास उणे १. भाषांच्या यादीत मराठी आहे, हे आपल्याकडच्या बऱ्याच शिक्षकांनाही ठाऊक नसतं. कला शाखेच्या बहुतेक ऑनर्सला, म्हणजे एका मुख्य विषयाच्या पदवीला, एक भाषा आणि तीन विषय धरतात. त्यामुळे मराठी, इंग्रजी आणि बारावीतले तीन विषय हा पाचांचा संच सोयीचा पडतो: इंग्रजी ऑनर्सचं दार उघडं राहतं आणि मराठीचे गुण हाताशी असतात. बारावीला जो विषय नव्हता त्याचा पेपर देऊन उपयोग नाही, गुण धरले जात नाहीत. वाणिज्यवाल्यांनी नीट बघावं. आपलं 'पुस्तपालन' तिथे अकाउंटन्सी/बुक कीपिंग या नावानं आहे, पण 'चिटणीसाची कार्यपद्धती'ला जोडीदार विषयच नाही. आणि अर्थशास्त्र ऑनर्स हवं असेल तर गणिताशिवाय अर्ज पुढं सरकत नाही. अकरावीत 'गणित कठीण जाते' म्हणून सोडलं असेल, तर ती वाट तिथेच बंद झालेली असते. अभ्यासक्रम एनसीईआरटीचा, म्हणजे सीबीएसई शाळांतल्या केंद्राच्या पुस्तकांचा आहे. राज्य मंडळाच्या पुस्तकावर विसंबलं तर इतिहास-राज्यशास्त्रात अर्धा पेपर अनोळखी वाटतो.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त पोरं अडकतात ती जातीच्या दाखल्यात. महाराष्ट्राच्या यादीतले भटक्या-विमुक्तांचे आणि विशेष मागास प्रवर्गाचे गट तिथे त्या नावानं चालत नाहीत. जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमीलेयर काढावं लागतं, आणि तेही चालू आर्थिक वर्षातलं, म्हणजे ३१ मार्चनंतरच्या तारखेचं. राज्याचं तीन वर्षं चालणारं प्रमाणपत्र दाखवून भागत नाही. ईडब्ल्यूएसचंही (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) तसंच. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सेतू केंद्रात अर्ज टाका. जूनमध्ये अकरावीपासून पॉलिटेक्निकपर्यंत सगळा तालुका तिथे उभा असतो, सर्व्हर बसतो आणि साहेब पीक पाहणीला गेलेले असतात.

दुसरी खुट्टी नावाची. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर बहुधा उलटं. दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच सगळीकडे नाव ठेवा आणि आधार आधीच दुरुस्त करून घ्या. टीसीबद्दलही सावध राहा: 'जागा राखून ठेवतो' म्हणत जिल्ह्याच्या ठिकाणचं कॉलेज जूनमध्ये मूळ टीसी जमा करून घेतं आणि ऑगस्टमध्ये ती परत द्यायला चार चकरा मारायला लावतं.

आता पसंतीक्रम. घाई केली तर वर्षभर नडेल असा टप्पा हाच. विद्यापीठाचं पोर्टल तीन टप्प्यांत चालतं: आधी नोंदणी, मग पसंतीक्रम, मग जागावाटप. दुसऱ्या टप्प्यात 'कोर्स अधिक कॉलेज' अशा जोड्या क्रमानं लावायच्या असतात. यंत्र यादी वरून खाली वाचतं आणि तुमच्या गुणांत बसणारी पहिली जोडी देतं. खूप वरचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकल्यानं खालच्या जागेचं काही बिघडत नाही. 'आपल्याला झेपेल तेच वर टाक' हा सल्ला देणारे काका चुकतात. धोका आहे तो दुसऱ्या बाजूनं. जिथे जायचंच नाही ती जोडी वर टाकली आणि लागली, तर तिच्या खालचं सगळं बाद. अपग्रेड फक्त वरच्या दिशेनं होतं. जागा आवडली तर फ्रीझ, म्हणजे तीच कायम, आणखी वरचं हवं असेल तर आधी जागा स्वीकारून, फी भरून अपग्रेड. मुदतीत जागा स्वीकारलीच नाही तर पुढच्या फेऱ्यांतूनही बाहेर. अपग्रेड झालं की जुनी जागा आपोआप जाते, 'मला ती आधीचीच द्या' म्हणता येत नाही. यादी बंद होण्याआधी पोर्टल अंदाजी क्रमांक दाखवतं. तो बघून यादी पुन्हा हलवायची संधी असते आणि ती वापरलीच पाहिजे. यादी लांब ठेवा. आठ-दहा जोड्या भरून थांबणारे बरेचदा पहिल्या फेरीत कोरडे राहतात.

कोर्स आधी की कॉलेज आधी? आमचं मत: कोर्स. नावाजलेल्या कॉलेजात नावडता विषय घेऊन 'नंतर बदलू' म्हणणाऱ्यांना नंतर तो बदलता येत नाही. अपवाद एकच. दोन विषय तुम्हाला खरोखर सारखेच चालत असतील, उदाहरणार्थ इतिहास आणि राज्यशास्त्र, तर मग वसतिगृह असलेलं कॉलेज वर घ्या.

कॉलेजांचा भूगोल घरी बसून समजत नाही. नॉर्थ कॅम्पसमध्ये हिंदू, सेंट स्टीफन्स, मिरांडा हाउस, रामजस, हंसराज, किरोडीमल, श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्स एकमेकांपासून पायी अंतरावर आहेत. मेट्रोची पिवळी लाइन, विश्वविद्यालय स्टेशन. दक्षिणेकडे श्री वेंकटेश्वर धौला कुआंजवळ, लेडी श्रीराम लाजपत नगरच्या बाजूला. बाकीची कॉलेजं शहरभर विखुरलेली: दीनदयाळ उपाध्याय द्वारकेत, मुलींचं अदिती महाविद्यालय पार बवानात. 'दिल्ली विद्यापीठ' हे नाव सगळ्यांवर एकच, पदवीही एकच, पण बवानाहून कॅम्पसच्या एखाद्या व्याख्यानाला यायचं म्हणजे दारव्ह्याहून यवतमाळला जाण्यासारखं, फरक इतकाच की एस्टी नाही. राजा गार्डनचं शिवाजी कॉलेज आपल्या लोकांनी यादीत जरूर ठेवावं. १९६१ मध्ये ते पंजाबराव देशमुखांनी काढलं, अमरावतीच्या शिवाजी शिक्षण संस्थेचेच भाऊसाहेब. विदर्भातल्या माणसाचं दिल्लीत कॉलेज आहे हे अमरावतीतही फार थोड्यांना माहीत. नाव बघून भावनेच्या भरात टाकू नका, पण मेट्रोच्या जवळ आहे ही गोष्ट मोठी. क्रमवारीच्या बाबतीत एवढंच: २०२४ च्या एनआयआरएफ (केंद्र सरकारची संस्थांची क्रमवारी) यादीत हिंदू पहिलं आणि मिरांडा हाउस दुसरं होतं. त्या यादीत तुमच्या खोलीचं भाडं धरलेलं नसतं.

वसतिगृहाचा अर्ज वेगळा असतो, कॉलेजच्या संकेतस्थळावर, आणि प्रवेश झाल्याबरोबर भरायचा असतो. जागा थोड्या, तीही गुणांवर आणि प्रवर्गानुसार. तिसऱ्या फेरीत आलेल्याला बहुधा पाटीच कोरी दिसते. मुलींसाठी विद्यापीठाची स्वतःची वसतिगृहंही आहेत, ती तपासल्याशिवाय पीजीचा (पेइंग गेस्ट खोलीचा) टोकन देऊ नका.

पीजी म्हणजे नॉर्थ कॅम्पससाठी कमला नगर, विजय नगर, हडसन लेन, आउट्रम लाइन्स, मलकागंज. वेंकटेश्वरसाठी सत्य निकेतन. दोघांत एक खोली, दोन वेळचं जेवण, असं म्हटलं की बारा-पंधरा हजारांच्या खाली फारसं काही मिळत नाही. जेवण नको, नुसती खोली, तर स्वस्त पडतं, पण दलाल येतो. हिशोब मांडून बघा: १२,००० भाडं, तेवढंच डिपॉझिट, दलालाचं अर्ध्या महिन्याचं, म्हणजे दारात पाय ठेवताना ३०,०००. वर गादी, बादली, कूलरचा हिस्सा. दिल्लीत घरगुती विजेचं २०० युनिटपर्यंतचं बिल शून्य येतं असं ऐकून खूश होऊ नका. मीटर घरमालकाच्या नावावर, तुम्हाला सबमीटरवर तो म्हणेल त्या दरानं. युनिटचा दर आणि किती महिने खोली सोडता येणार नाही, ही दोन वाक्यं पावतीवर लिहून घ्या. डिपॉझिट बुडतं ते याच दुसऱ्या वाक्यात.

व्हिडिओ कॉलवर खोली पसंत करू नका. प्रत्यक्ष गेल्यावर भिंतीला हात लावून ओल बघा, खिडकी उघडते का बघा, जिन्याला दुसरी वाट आहे का बघा. तळघर कितीही स्वस्त मिळालं तरी नको. २७ जुलै २०२४ ला जुन्या राजेंद्र नगरात एका कोचिंग क्लासच्या तळघरात पाणी शिरून तीन विद्यार्थी गेले. तिथे ते झोपायला नव्हते, वाचायला बसले होते.

फीचं ओझं त्या मानानं हलकं. बहुतेक अनुदानित कोर्सना वर्षाला काही हजारांपासून तीसेक हजारांपर्यंत, सेल्फ-फायनान्स कोर्सना कितीतरी जास्त. ती ऑनलाइन भरायची असते आणि जिल्हा बँकेच्या खात्यातून ते जमत नाही. राष्ट्रीयीकृत बँकेत पोराच्या नावानं खातं मे महिन्यातच उघडा, नेट बँकिंग चालू करून एक रुपया पाठवून बघा. पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती तुमच्या रहिवासाच्या राज्याकडून असते, म्हणजे पाठपुरावा महाराष्ट्रातच करायचा. ते पैसे वर्षअखेरीस आले तर नशीब. खोलीचं भाडं त्यावर टाकू नका.

अभ्यासात आश्चर्य वाटावं ते गुणांच्या वाटणीचं. पहिल्या सेमिस्टरला २२ क्रेडिट (क्रेडिट म्हणजे पेपरचं वजन): मुख्य विषयाचे तीन पेपर चार-चार क्रेडिटचे, एक जेनेरिक इलेक्टिव्ह (दुसऱ्या विषयाचा ऐच्छिक पेपर) चारचं, आणि दोन-दोनचे तीन छोटे. ट्युटोरियल (छोट्या गटाचा चर्चेचा तास) असलेला चार क्रेडिटचा पेपर १६० गुणांचा. त्यात लेखी परीक्षा फक्त ९०. अंतर्गत ३०, म्हणजे चाचणी १२, असाइनमेंट १२, हजेरी ६. उरलेले ४० ट्युटोरियलचे. म्हणजे ७० गुण वर्गात बसून, बोलून, वेळेवर कागद देऊन मिळतात. आपल्याकडे परीक्षेच्या आधी पंधरा दिवस गाईड पाठ करून पार पडायची जी सवय, ती इथे चालत नाही. ट्युटोरियलमध्ये मागच्या बाकावर गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं. हजेरी दोन-तृतीयांश लागते. छोट्या पेपरांचे गुगल फॉर्म निघतात तेव्हा 'प्रथम येणाऱ्यास प्रथम', त्यामुळे ओरिएंटेशनच्या आठवड्यात गावी थांबणाऱ्याला उरलेलं घ्यावं लागतं.

माध्यमाचा प्रश्न सगळ्यांना पडतो. उत्तरं इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिता येतात, मराठीत नाही. विदर्भातल्या पोरांना बोलायला हिंदी अडत नाही, उलट पुण्याकडच्यांपेक्षा आपण तिथे लवकर मिसळतो. पण नागपुरी हिंदी बोलणं वेगळं आणि ९० गुणांचा पेपर हिंदीत लिहिणं वेगळं. सामाजिक शास्त्रांचं वाचनसाहित्य बहुतेक इंग्रजीत येतं, म्हणून पहिल्या महिन्यात ठरवा आणि मग फिरवाफिरवी करू नका. अर्धं वर्ष हिंदी, अर्धं इंग्रजी, असं करणाऱ्यांचं दोन्हीकडून नुकसान होतं.

हवा. उन्हाचं चंद्रपूरच्या माणसाला काय सांगायचं. थंडी मात्र वेगळी: जानेवारीत धुक्यानं दुपारीही ऊन पडत नाही, कपडे दोन दिवस वाळत नाहीत. रजई तिथेच घ्या, गाडीतून नेण्यात अर्थ नाही. दिवाळीनंतरचा धूर सगळ्यात वाईट. दमा असेल तर इन्हेलर आणि एन-९५ मास्क आधीच ठेवा, वर्ग अधूनमधून ऑनलाइन जातात.

नागपूरहून जीटी, तामिळनाडू, तेलंगणा अशा गाड्या दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीला पोचवतात, गोंदियाकडच्यांना गोंडवाना आहे. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीचं तिकीट त्या दिवशी सकाळी आठला काढलं नाही तर वेटिंगच. परतताना घरून तुरीची डाळ आणि तिखट आणा, मेसच्या राजम्यावर सहा महिने निघत नाहीत. ज्वारीचं पीठ मात्र आणू नका. महिनाभरात त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना तुटते. आणायची तर ज्वारीच आणा आणि तिथे थोडी-थोडी दळून घ्या.