गिरणीचं चाक

कापड गिरणीचं म्हणून विकत घेतलेलं चाक चेनपुलीने जमिनीपासून हातभर वर उचललं आणि ते आपोआप फिरलं. कुणीही हात लावला नव्हता. मधल्या भोकातून पाइप घालून दोन्ही टोकांना साखळी बांधली होती, त्या पाइपावर त्याने पाव फेरा घेतला, थोडं मागंपुढं झुललं आणि गप्प उभं राहिलं. मिस्त्रींनी जोर लावून उलटं फिरवलं आणि सोडलं. पुन्हा तीच बाजू खाली.

मिस्त्रींचे सासरे त्या दिवशी सहज आले होते. विटांच्या ढिगावर बसून तंबाखू मळत होते. ते म्हणाले, ‘‘साहेब, हे गिरणीचं न्हाई. खडी क्रशरचं चाक हाय. एका अंगाला वजन घालूनच वततात त्ये.’’

त्यांनी वीस-बावीस वर्षं क्रशरवर काढलेली. उठले, खिळा घेतला आणि तुंब्यातल्या, म्हणजे चाकाच्या मधल्या जाड भागातल्या, चावीच्या खाचेत घालून खरवडला. आतून राखाडी कच भुरभुर गळली. बोटांवर चोळून त्यांनी माझ्यापुढे धरली. काळ्या दगडाची भुकटी! कापसाचा तंतू मी अजून शोधतोय.

आता पहिल्यापासून सांगतो. आजऱ्याजवळ जांभ्या दगडाचं लहानसं घर बांधत होतो. व्हरांड्याच्या भिंतीत गोल खिडकी ठेवायची आणि तिला जाळी म्हणून जुन्या यंत्राचं आरेवालं चाक बसवायचं, हे माझ्या डोक्याने घेतलं होतं. फोनवर असले व्हिडिओ पाहून पाहून माणूस बिघडतो. गिअरचं घड्याळ, इंजिनाच्या ब्लॉकचं टेबल, बोटीच्या पंख्याचं कारंजं. असंच एक खातं पाहण्यात आलं. मुंबई-पुण्याच्या पट्ट्यातलं एक गोदाम, नाव लिहीत नाही. व्हिडिओत चार फुटांचं बिडाचं चाक, सहा आरे, तेल लावून काळंभोर केलेलं, आणि कडेवर इंग्रजीत उठावाची अक्षरं : मँचेस्टर.

फोन केला. माणूस गोड बोलणारा. ‘‘दादा, गिरणगावातला माल आहे. मिलचं मेन इंजिन. ब्याऐंशीच्या संपापर्यंत याच चाकावर अख्खी मिल चालायची.’’ माझे आजोबा परळला गिरणीत होते. हे मीच त्याला सांगून बसलो. पुढचं सगळं त्याला सोपं गेलं असणार.

त्याच वाक्यावर मी थांबायला हवं होतं, कारण थांबण्याइतकं मला माहीत होतं. खोपोलीची वीज १९१५पासून मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली आणि हळूहळू वाफेची इंजिनं मागं पडत गेली. १९८२च्या संपाच्या सकाळपर्यंत अख्खी गिरणी वाफेच्या चाकावर चालत होती, ही गोष्ट निदान दोनदा विचारून घेण्यासारखी होती. शिवाय गिरणीच्या मुख्य इंजिनाचं चाक असं छोट्या टेम्पोत मावत नसतं. पंधरा-वीस फूट व्यासाची, त्याहूनही मोठी चाकं असत. ती तुकड्यांत ओतून जागेवर बोल्टने जोडत. कडेवर खाचा असत आणि त्यांतून दीड-दोन इंच जाडीचे सुती दोर वरच्या मजल्यांवर जात. माझ्या चाकालाही खाचा होत्या. त्याने त्या कॅमेऱ्यासमोर बोट फिरवून दाखवल्या, ‘‘हे बघा, दोराचे गाळे.’’ त्या जेमतेम इंचभर रुंदीच्या होत्या, बाजारात आज मिळणाऱ्या व्ही-बेल्टच्या, म्हणजे यंत्राच्या रबरी पट्ट्याच्या. पण मला तेव्हा दोरच दिसत होते, काय करणार.

भाव किलोवर ठरला : १२० रुपये. ‘‘भंगारात घालायला मन होत नाही, म्हणून वजनावर देतो,’’ असं म्हणाला. मला ते प्रामाणिकपणाचं वाटलं. इसार म्हणून २५,००० लगेच पाठवले, उरलेले गाडीत माल चढल्यावर रोख. बिल मागितलं तर म्हणाला, ‘‘बिल घेतलंत तर टॅक्स तुमच्याच बोकांडी.’’ मी गप्प बसलो. त्यात माझीही लबाडी होती, ती लपवत नाही.

वजनाचा प्रकार जरा सावकाश सांगतो, कारण चाक खोटं निघालं त्यापेक्षा या गोष्टीचा मला जास्त राग आहे. मी स्वतः तिथे होतो. रिकामा पिकअप वजनकाट्यावर गेला तेव्हा ड्रायव्हर उतरला, दोघं हमाल टपरीवर चहाला गेले. पावती निघाली. मग गोदामात जाऊन हायड्रा क्रेनने चाक चढवलं आणि गाडी परत काट्यावर. त्या वेळी ड्रायव्हर जागेवर, दोघं हमाल मागे चाकाला टेकून, चाकाखाली लाकडी स्लीपर, कोपऱ्यात साखळीचं वेटोळं. काटा सरकारी शिक्क्याचा, त्यात काहीही खोट नव्हती. भरलेल्या वजनातून रिकामं वजा केलं, ८१० किलो आले. ९७,२०० रुपये. इसार वजा जाता ७२,२०० मोजून दिले, आणि आनंदाच्या भरात घरच्या ग्रुपवर फोटो टाकले. भाडं १४,००० वेगळं.

त्या फोटोंनीच पुढे उलगडा झाला. क्रशरचं नाव निघाल्यावर दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन बसलो. बाहेरून व्यास १२२ सेंटिमीटर, कडेची जाडी १०, रुंदी १८. म्हणजे आतला व्यास १०२ आणि मधला ११२. ११२ला ३.१४ने गुणलं की कडेची लांबी साधारण ३५२. त्याला १०ने आणि १८ने गुणलं की ६३,००० घनसेंटिमीटरच्या वर. बीड घनसेंटिमीटरला सुमारे ७.२ ग्रॅम भरतं, म्हणून नुसती कड ४५५ किलोच्या आसपास. तुंबा, आरे आणि ते जास्तीचं वजन कसंही ओढूनताणून धरलं तरी साडेसहाशेच्या पुढे आकडा जाईना. गावच्या काट्यावर नेलं, ६४० भरलं. मग फोटो उघडले. पहिल्यात हौदा मोकळा, दुसऱ्यात दोन डोकी आणि दोन स्लीपर. १७० किलोचे २०,४०० रुपये मी माणसांचे आणि लाकडाचे दिले होते. हा हिशेब कागदावर पाच मिनिटांचा आहे, सातवीतला मुलगाही करील. सौदा करायच्या आधी टेप लावायचं सुचलं असतं तर...

बाकी उरलेल्या चाकाचं काय? आमच्या भागातला भंगारवाला बिडाला ३५ देतो. ६४० किलोचे २२,४००.

अजून एक. चाक उभं करायच्या नादात मिस्त्रींनी एका आऱ्यावर हातोडीने टकटक केली. पाच आरे घंटेसारखे वाजले, सहावा भद्द. माझ्याकडे जुन्या स्पीकरचं लोहचुंबक होतं ते आणलं. पाच आऱ्यांना घट्ट बसायचं, सहाव्याच्या मुळाशी हातभर पट्ट्यात घसरून खाली पडायचं. वरचा काळा रंग खरवडला तर गाडीच्या डेंटिंगला वापरतात ती पुट्टी, आणि पुट्टीखाली आरपार चीर. मग मी चुंबक घेऊन कडेभोवती फिरलो. ‘मँचेस्टर’च्या एकाही अक्षराला ते चिकटलं नाही. अक्षरं अॅल्युमिनियमची, नंतर चिकटवलेली. नखाने एक कोपरा उचलला सुद्धा.

चीर वेल्डिंगने भरू म्हणून आमच्या वेल्डरने नेहमीची सळी लावली. गार होताना ‘टक’ असा आवाज आला आणि वेल्डच्या कडेने नवीन चीर गेली. शिरोलीच्या फाउंड्रीत मोल्डर म्हणून आयुष्य काढलेले एक काका ओळखीचे आहेत. त्यांनी फोनवरच शिव्या घातल्या : बिडाला आधी चांगलं तापवायला लागतं, निकेलची सळी लागते, आणि गारही सावकाश करायचं असतं, राखेत पुरून. ‘‘भिंतीत डोक्यावर टांगणार असलास तर अजिबात नको,’’ हेही त्यांनीच सांगितलं. तेवढ्यावर खिडकीचा विषय संपला. त्या जागी सुताराकडून सागवानी चौकट बसवली, ८,००० रुपयांत.

विकणाऱ्याला फोन केला. पहिल्या दिवशी ‘‘बघतो दादा’’, दुसऱ्या दिवशी ‘‘तुम्ही पाहून घेतलं होतं ना’’, तिसऱ्या दिवसापासून नंबर लागत नाही. ग्राहक हेल्पलाइनवर बोललो. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि बिल मागितलं. माझ्याकडे इसाराचा एक स्क्रीनशॉट आणि काट्याची पावती, तिच्यावर ‘भंगार’ असं लिहिलेलं. गिरणी, मँचेस्टर, शंभर वर्षं, हे सगळं तो फोनवर बोलला होता. लिहून एक अक्षरही दिलं नव्हतं, आणि जे अक्षरांत होतं ते पुट्टीने चिकटवलेलं.

चाक परत भंगारात घालायला माझं मन झालं नाही. हेच वाक्य त्याने म्हटलं होतं हे लिहिताना लक्षात आलं. अंगणात जांभ्याचे तीन बुटके खांब बांधून त्यावर ते आडवं ठेवलंय. चिरलेल्या आऱ्याला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या घालून बोल्टने आवळलं, आणि एक खांब बरोबर त्याच आऱ्याखाली घेतला. वर बारा मिलिमीटरची टफन्ड काच आहे, तिचंच वजन पस्तीस किलो. तुंब्याच्या भोकात उन्हाळ्यात छत्रीचा दांडा बसतो. काचेतून मधली चावीची खाच दिसते, तिथली कच मी मुद्दाम साफ केली नाही. असं आडवं ठेवलं की कुठली बाजू जड हे त्यालाही कळत नाही.

मिस्त्रींचे सासरे मध्ये येऊन चहा पिऊन गेले. जिथे त्यांनी काम केलं तो क्रशर इथून वीसेक किलोमीटरवर आहे, बंद पडलाय. तिथे अशी दोन चाकं गवतात पडून आहेत म्हणाले. ‘‘आधी इचारलं असतंत तर मालकानं टेम्पोच्या भाड्यावर दिली असती.’’

पहिल्या पावसात कडेवरची अक्षरं एकेक करून गळाली. आता इंग्रजी ‘मॅन’ तेवढं उरलंय.