शेपलीचं बफर एजंटच्या हाती दिल्यावर: सहा महिन्यांच्या वापराचा अनुभव

शेपली ही भौमितिक आकारांवर काम करणारी पायथन लायब्ररी, आणि तिचं बफर म्हणजे बिंदू, रेषा किंवा प्लॉटभोवती ठरावीक अंतरापर्यंतचा परिसर आखून देणारं फंक्शन. शेपलीचं बफर एआय एजंटला टूल म्हणून जोडलं, ते कसं वापरायचं हे एजंटला सांगणारं वर्णन लिहिलं आणि सहा महिने रोजच्या कामात वापरलं, त्याबद्दल हे लिहितोय. शेपलीने दगा दिला नाही. घोळ झाला तो वर्णनात, आणि त्यातही एकाच शब्दावर: डिस्टन्स, म्हणजे बफर किती अंतराचं ते.

पहिलं वर्णन एका ओळीचं होतं, ‘दिलेल्या अंतराचं बफर काढतं’. पुण्यातली विहीर, ७३.८६, १८.५२, ईपीएसजी:४३२६ (म्हणजे रेखांश-अक्षांश अंशांत). मागणी ५०० मीटरची. एजंटने डिस्टन्समध्ये ५०० भरलं. शेपलीला सीआरएस (आकडे कोणत्या निर्देशांक पद्धतीतले, अंश की मीटर) कळत नाही, ती आकडे सपाट प्रतलावर मांडते. त्यामुळे ५०० अंश त्रिज्येचं वर्तुळ निघालं आणि एरर काहीच आली नाही. अख्खी पृथ्वी अंशांत मांडली तर ३६० गुणिले १८०, म्हणजे ६४,८०० चौरस अंश भरते. हे वर्तुळ त्याच्या बारापट! तरी कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण क्षेत्रफळ आलं ७,८४,१३७. मीटरमध्ये नीट काम केलं असतं तरी आकडा हाच आला असता, फक्त एकक चौरस मीटर असतं. एजंटने ते एकक स्वतःच जोडून टाकलं. चूक उघडी पडली ती बफरमधल्या विहिरी मोजताना: यादीतल्या सगळ्याच्या सगळ्या आत.

मग वर्णनात ‘डिस्टन्स इनपुटच्या एककात’ असं घातलं. आता एजंट ५०० ला १,११,००० ने भागून ०.००४५ अंश देऊ लागला. उत्तर-दक्षिण अंतर जमलं. पण पुण्याच्या अक्षांशावर रेखांशाचा अंश साधारण १०५.६ किलोमीटरचा असतो, त्यामुळे पूर्व-पश्चिम जेमतेम ४७५ मीटर भरलं. ही चूक पहिलीपेक्षा वाईट, कारण नकाशावर ती दिसतच नाही.

त्या वेळी मत असं होतं की वर्णन जितकं लांब तितकं चांगलं. क्वाड सेग्ज (पाव वर्तुळ किती सरळ तुकड्यांत काढायचं), कॅप स्टाइल (टोकाचा आकार), जॉइन स्टाइल (कोपऱ्याचा आकार), मायटर लिमिट (टोकदार कोपरा किती लांबू द्यायचा), सगळं लिहून काढलं. ते मत आता पूर्ण बदललंय. टूलचं वर्णन दर विनंतीबरोबर मॉडेलकडे जातं, म्हणजे न लागणाऱ्या प्रत्येक ओळीचे टोकन (मॉडेल वाचतं ते मजकुराचे तुकडे) दर वेळी मोजावे लागतात. शिवाय पॅरामीटर दिसला की एजंट तो भरतोच. बिंदूला कॅप स्टाइल ‘फ्लॅट’ दिली की शेपली रिकामा पॉलिगॉन परत देते, तोही निमूटपणे. एजंट लगेच सांगून मोकळा, ‘परिसरात विहिरी नाहीत’.

आता पॅरामीटर तीनच: जॉमेट्री, सीआरएस आणि डिस्टन्स_मीटर. एकक नावातच आलं, आणि दोन परिच्छेदांनी जे साधलं नव्हतं ते या एका बदलाने साधलं. सीआरएस अंशांतला असेल तर टूल काम नाकारतं आणि पुढची पायरी सांगतं: ‘आधी रीप्रोजेक्ट चालवा, ७२ ते ७८ पूर्व रेखांशासाठी ईपीएसजी:३२६४३, ७८ ते ८४ साठी ईपीएसजी:३२६४४.’ रीप्रोजेक्ट म्हणजे निर्देशांक मीटरच्या पद्धतीत बदलणं; हे दोन क्रमांक सहा-सहा अंशांच्या यूटीएम पट्ट्यांचे, म्हणजे झोन ४३ आणि ४४ चे. नुसतं ‘चुकीचा सीआरएस’ म्हटलं की एजंट तीच विनंती पुन्हा पाठवत बसतो, आणि तेवढे टोकन वाया. वर्णनात एक नमुनाही ठेवलाय: रीप्रोजेक्टनंतर पुण्याचा पूर्वांक सुमारे ३,८०,००० आणि उत्तरांक सुमारे २०,४८,००० मीटर यायला हवा. अक्षांश-रेखांश उलटे पडले तर पुणे नॉर्वेच्या उत्तरेला बेअर आयलंडजवळच्या समुद्रात जातं, आणि या नमुन्यामुळे ते तिथल्या तिथे पकडलं जातं.

आउटपुटमध्येही काटकसर केलीच पाहिजे. क्वाड सेग्ज १६ असताना बिंदूच्या बफरला ६५ कोऑर्डिनेट येतात, आणि त्यांचे लांबलचक दशांश एजंटला काही कामाचे नसतात. आकार फाइलमध्ये ठेवा. परत द्या ती आयडी, क्षेत्रफळ, एकक आणि रिकामा आहे की नाही ही खूण. क्वाड सेग्ज ८ वर आणून टोकन वाचवायचा मोह टाळा. खरं क्षेत्रफळ ७,८५,३९८. १६ ला ७,८४,१३७ येतं, तर ८ ला ७,८०,३६१. आकार फाइलमध्ये गेल्यावर तसंही त्यातून काही वाचत नाही.

रिकाम्याची खूण ऋण बफरला (उणे अंतर देऊन आकार आतल्या बाजूला आक्रसवताना) फार लागते. ४० मीटर रुंद प्लॉटला उणे २५ दिलं की काहीच उरत नाही, आणि क्षेत्रफळ शून्य येतं. खुणेशेजारी ‘अंतर निम्म्या रुंदीपेक्षा जास्त’ हे कारणही द्या, नाहीतर एजंट प्लॉटच शून्य क्षेत्रफळाचा ठरवतो.

एक गोष्ट अजून खटकते, ती ७८ अंशाची सीमा. अमरावती-नागपूर रस्ता दिला की एजंट त्याचे दोन तुकडे करून दोन झोनमध्ये बफर काढतो, आणि जोडावर गोल टोकं एकमेकांवर चढतात. वर्णनात आता लिहिलंय की तुकडे करू नका, मध्यबिंदूचा झोन अख्ख्या रेषेला लावा. झोन ४३ नागपूरपर्यंत ताणला तरी ५०० मीटरमागे फरक पडतो साधारण एका मीटरचा.