हाडांचं सूप: कुकर की पातेलं?

ग्वाल्हेरचा जानेवारी आला की लष्कर भागातल्या आमच्या घरी हा वाद ठरलेला. सासूबाई पातेल्याच्या बाजूने: अर्धा किलो कोंबडीची हाडं, चार पंजे, दोन लिटर पाणी, चमचाभर व्हिनेगर, मंद आचेवर ५-६ तास, वर येणारा फेस काढत राहायचा. सूप नितळ होतं, हे मान्य. पण गॅस केवढा जळतो!

कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून पंजांतलं कोलॅजन (कातडी-सांध्यांतलं चिवट प्रथिन) दीड तासात जिलेटिन होऊन उतरतं, आणि गार झालं की सूप जेलीसारखं घट्ट होतं. फक्त फेस काढूनच झाकण लावायचं आणि पहिल्या शिट्टीनंतर आच अगदी बारीक, नाहीतर गढूळ. परवा फ्रिजमधून काढलं तर त्यात चमचा उभा राहिला. मी कुकरवालीच. पातेलं रविवारी, तेही सासूबाई फेस काढणार असतील तर.