उद्यमनगरातलं बिनपाटीचं बुलेट गॅरेज: आवाज शोधायचा असेल तर इथेच जा

कोल्हापुरात जुन्या कास्ट आयर्न (बिडाच्या सिलिंडरच्या) बुलेटवर काम करणारी गॅरेजेस पुष्कळ आहेत. इंजिन बांधून देणारे आहेत, टाकीवर सोनेरी रेघा ओढून देणारे आहेत. पण "गाडीत आवाज येतोय आणि कुठून येतोय तेच कळत नाही" हे काम घेऊन गेलं, की कुणी म्हणतं जुनी गाडी आहे, चालायचंच, आणि कुणी थेट इंजिन खोलायचीच भाषा करतं. शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्यांच्या गल्लीत एक गॅरेज आहे, तिथे आवाज शोधणं हेच स्वतंत्र काम मानतात. पाटी नाही. चालवणाऱ्यांना सगळे मामाच म्हणतात. नाव-नंबर कुठे लिहू नका, हातात आहे तेवढं काम पुरे झालं, असं त्यांनी मला बजावून सांगितलंय, म्हणून लिहीत नाही. गल्लीतल्या कुठल्याही टर्नरला "बुलेटवाले मामा" विचारा, तो हातातलं काम ठेवून दाखवायला येईल.

गाडी आमच्या आप्पांची. 1991 ची स्टँडर्ड 350, उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक. आता मी चालवते. तिचा आवाज असा होता: सकाळी थंड इंजिनला काही नाही. रंकाळा सोडून फुलेवाडीच्या पुढे गेलं, इंजिन चांगलं तापलं, की टॉप गिअरला पन्नासच्या आसपास डाव्या बाजूनं खुळखुळ सुरू. पत्र्याच्या डब्यात सुटे खिळे हलवावेत तशी. ॲक्सिलरेटर पिळला की गायब, जरा सैल सोडला की परत हजर. आणि दाखवायला म्हणून गॅरेजसमोर उभी केली की हमखास गप्प.

एका गॅरेजमध्ये मिनिटभर इंजिन चालू ठेवून ऐकलं आणि निकाल दिला, "कनेक्टिंग गेलंय." क्रँक काढायचा, बुश काढून रोलर बेअरिंग बसवायचं, 18,000 रुपये. या शंकेला आधार नव्हता असं नाही. या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला फ्लोटिंग बुश असतो, तो झिजला की ठोके येतातच. पण ठोका आणि खुळखुळ यांत फरक आहे, आणि एवढा खर्च सांगणाऱ्यानं तो फरक ऐकायला गाडी एकदा तरी रस्त्यावर न्यायला हवी होती.

मामांनी आधी पान्याला हातच लावला नाही. मला स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, "ताई, आवाज कुठनं येतोय ते मी बगतो. तुम्ही फकस्त तो कधी बंद हुतोय ते सांगा." मग एकेक प्रश्न. इंजिन थंड असताना येतो का? क्लच दाबल्यावर? उतारावर? मागं माणूस बसल्यावर? माझी उत्तरं ते पार्टच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं लिहून घेत होते. सोबत माझा भाऊ होता, पण गाडी चालवणारी कोण हे कळल्यावर पुढचं सगळं बोलणं माझ्याशीच झालं. हे मला फार आवडलं.

नंतर मला मागे बसवून त्यांनी गाडी पन्हाळा रस्त्याला काढली. वाघबीळच्या चढाला तिसऱ्या गिअरला जोर लावून ओढली: आवाज नाही. येताना उताराला ॲक्सिलरेटर बंद केला: खुळखुळ. चालत्या गाडीत क्लच दाबला: इंजिन मंद झालं, आवाजही मंद झाला, पण गेला नाही. मग मोकळा रस्ता बघून न्यूट्रल केली, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) ओढून इंजिनच बंद केलं आणि गाडी नुसती उतारावर सोडली. तरीही बारीक किणकिण होतीच! इथे त्यांनी मान वळवून मला सांगितलं, "ताई, एक न्हाई, दोन आवाज हाईत."

गोम नेमकी इथेच होती. दोन वेगवेगळे आवाज एकमेकांत मिसळलेले, त्यामुळे एकाचं निदान करायला गेलं की दुसरा खोटं पाडायचा.

परत आल्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या निघाल्या. टूलबॉक्सचं झाकण, चेनकव्हर, मडगार्डचे दांडे, नंबर प्लेट, सगळं ताणून बांधलं. एक चक्कर. मग एकेक पट्टी सोडायची आणि पुन्हा चक्कर. टूलबॉक्सची पट्टी सुटली तेव्हा किणकिण परतली. बिजागरीची पिन झिजली होती. ती शेजारच्या लेथवर नवी करून घेतली, वायसरसकट. एक आवाज मिटला.

दुसऱ्यासाठी गाडी रात्रभर तिथे ठेवून घेतली. कास्ट आयर्न बुलेटचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या पुश रॉडांच्या बुडाशी असलेले भाग, थंड इंजिनवरच बघायचे असतात. सकाळी मी पोचले तेव्हा उजवीकडचं टॅपेट कव्हर काढून ठेवलेलं होतं. पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून पुश रॉड दोन बोटांत धरायचा. तो गोल सहज फिरायला हवा, वरखाली मात्र हलायला नको. मला दोन्ही रॉड फिरवून बघायला लावले. दोन्ही बरोबर. मग इंजिन तापवून लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक केसिंगला लावून ऐकणं झालं. उजवीकडे टायमिंगचा नेहमीचा आवाज, सिलिंडरच्या बुडाशी काही नाही, डावीकडे चेनकेसवर मात्र स्पष्ट खरखर.

म्हणजे प्रायमरी चेन, इंजिनाची ताकद क्लचकडे नेणारी. खरं तर याआधी दोन ठिकाणी चेनकेसची टोपी उघडून, चेन बोटानं दाबून "टाइट आहे" असं सांगितलेलं होतं. मामांनीही तीच टोपी उघडली, पण माझं बोट चेनवर ठेवलं आणि स्वतः किक हातानं हळूहळू दाबत गेले. पहिल्या जागी चेन ताठ, जेमतेम पाव इंच खेळ. किक थोडी पुढे, अजून ठीक. आणखी पुढे आणि बोटाखालची चेन एकदम ढिली पडली, अर्ध्या इंचाच्या वर खाली गेली. अजून थोडं फिरवल्यावर परत ताठ. चेन एकसारखी झिजलेली नव्हती. जो कोणी बघायचा त्याला नेमका ताठ भाग लागायचा.

मग डावा फूटरेस्ट आणि ब्रेकचं पॅडल काढून चेनकेस उघडलं. या गाडीचं हे कव्हर मधल्या एकाच नटावर असतं आणि कडेचा रबर वाळला की ऑइल झिरपतं. इथेही पातळी पार खाली होती, आणि उरलेलं ऑइल चंदेरी झालेलं, बोटांवर चोळलं की ॲल्युमिनियमची बारीक पूड चमकत होती. कव्हरच्या आतल्या बाजूला, वरच्या अंगाला, वीतभर लांबीची चकचकीत रेघ पडली होती. चेन तिथे आपटत होती. चेनला खालून दाबून ताणणारा टेन्शनर या दुहेरी चेनच्या दोन्ही पदरांनी खोल चरे पडेपर्यंत खाल्ला होता.

पुठ्ठ्यावरची उत्तरं पुढ्यात घेऊन मामांनी सगळं जुळवून दाखवलं. इंजिन ओढतं तेव्हा चेनची वरची बाजू ताणलेली असते आणि खालचा ढिलेपणा टेन्शनर सांभाळतो, म्हणून चढाला आवाज नाही. ॲक्सिलरेटर सोडला की मागचं चाक इंजिनाला फिरवतं, खालची बाजू ताणली जाते, वरची ढिली पडते, आणि वर धरायला काहीच नसतं. ती कव्हरला आपटते. क्लच दाबला तरी इंजिन ही चेन फिरवतच असतं, म्हणून आवाज पूर्ण जात नाही. इंजिन थंड असताना उरलंसुरलं ऑइल घट्ट असतं, आवाज दाबतं. तापल्यावर पातळ होतं. माझ्या एकेका उत्तराला कारण मिळालं. आजवर कुठल्याही मेकॅनिकनं मला असं सांगितलं नव्हतं.

नवी दुहेरी चेन, टेन्शनर, कव्हरचा रबर, ऑइल. चेन काढायची तर आधी वीज तयार करणारी मॅग्नेट आणि कॉइल उतरवावी लागते. परत बसवताना दोघांमधली फट त्यांनी फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) चहूबाजूंनी तपासली, घाई केली नाही. क्लचच्या हबचा खेळ बघितला, तो ठीक निघाला, तर "ह्याला हात लावायचा न्हाई" म्हणून सोडून दिला. नवी चेन जिथे सगळ्यात ताठ लागते तिथे पाव इंच खेळ ठेवून टेन्शनर आवळला. टूलबॉक्सच्या पिनेसकट सगळे मिळून 3,200 रुपये झाले. जुनी चेन आणि टेन्शनर कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले. क्रँक आहे तिथेच आहे आणि उत्तम आहे.

आता गाडी टॉप गिअरला पन्नासला सोडली की फक्त तिचा ठोका ऐकू येतो. आप्पा चालवायचे तेव्हा यायचा तोच. यासाठी मी या गॅरेजला पैकीच्या पैकी गुण देते.

गैरसोयी आहेत, त्याही सांगते. लेखी बिल मिळत नाही. जागा अरुंद, बसायला एकच स्टूल. फोन उचलला जाईलच असं नाही. पाच गिअरच्या नव्या इंजिनांचं काम ते घेत नाहीत, फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या तर दारातूनच परत पाठवतात. वायरिंगचं काम करतात, पण त्यात चेनच्या कामाइतकी सफाई मला दिसली नाही. माझी ब्रेकलाइटची वायर मी दुसरीकडे नीट करून घेतली. आणि घाई असेल तर जाऊच नका, कारण आवाज पूर्ण सापडेपर्यंत ते गाडी देत नाहीत.

जाताना गाडी एक रात्र ठेवायच्या तयारीनं न्या. आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून नेला तर ते ऐकत नाहीत. त्यापेक्षा तो कधी येतो आणि कधी थांबतो हे आठवडाभर लक्ष ठेवून लिहून न्या. त्यांच्या पुठ्ठ्यावरचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतील. नवी चेन सुरुवातीला ताणते, म्हणून 500 किलोमीटरला परत दाखवायला सांगतात. त्या वेळी तपासण्याचे पैसे घेतले नाहीत.