सर्जरीत नंबर कसा लागतो: रेडिंगमधल्या तेरा महिन्यांचा अनुभव

"सर्जरीत जाऊन येते गं," असं मी पहिल्यांदा नाशिकला फोनवर बोलून गेले आणि आईचा आवाजच बदलला. कसली सर्जरी, कधी ठरली, आम्हाला का नाही सांगितलं? इंग्लंडात आपल्या साध्या दवाखान्याला सर्जरी म्हणतात, तिथल्या डॉक्टरला जीपी म्हणतात आणि मी फक्त लेकीच्या कानासाठी चाललेय, हे तिला पटवता पटवता पाच मिनिटं गेली. त्या दिवशी मी सर्जरीत पोचलेच नाही, ही गोष्ट वेगळी.

आम्ही जानेवारी २०२५ मध्ये रेडिंगला आलो. घरापासून चालत सात मिनिटांवरच्या सर्जरीत तिघांची नावं नोंदवली. नोंदणी सोपी होती, घरबसल्या फॉर्म भरला आणि झालं. तेव्हापासून तेरा महिने वापरतेय. नाव सांगत नाही, कारण आमच्या मराठी ग्रुपवर विचारलं तर स्लाव, हॅरो, मिल्टन कीन्स, सगळीकडून हीच कहाणी येते. नवीन येणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहितेय.

कानाचं सांगते. फेब्रुवारीतली रात्र, लेक सात वर्षांची, उशीत डोकं खुपसून रडतेय. सकाळी सात एकोणसाठला फोन लावला तर "आम्ही आठला उघडतो" असं सांगून ध्वनिमुद्रित बाईंनी फोन ठेवला. आठ वाजल्याबरोबर पुन्हा लावला, तर "तुम्ही रांगेत सव्विसावे आहात." एका मिनिटात पंचवीस माणसं माझ्या पुढे गेली कशी, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. मग ते संगीत. फोन स्पीकरवर ठेवून डबा भरला, वेणी घातली, नवऱ्याला चहा दिला. एकविसावे, सतरावे, अकरावे. आठ एकेचाळीसला माणसाचा आवाज आला. आवाज गोड होता, "लव्ह" म्हणाली, आणि आजच्या सगळ्या वेळा संपल्या, उद्या आठला फोन करा, असंही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी माझा आणि नवऱ्याचा असे दोन फोन घेऊन बसलो. नववा नंबर. रिसेप्शनवरच्या बाईंनी चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, याला डॉक्टर कशाला, केमिस्टकडे जा. मला वाटलं, आता सरळसरळ कटवताहेत. पण कोपऱ्यावरच्या केमिस्टने आम्हाला मागच्या छोट्या खोलीत नेलं, यंत्र लावून कान पाहिला, औषध दिलं, मुलांना लागत नाहीत म्हणून पैसेही घेतले नाहीत. वीस मिनिटांत घरी. म्हणजे दोन सकाळी मी चुकीच्या दारावर धडका मारत होते.

इंग्लंडात ३१ जानेवारी २०२४ पासून ही सोय आहे, फार्मसी फर्स्ट नावाची. घसा बसणं नव्हे, चांगला सुजून दुखणं, सायनस, मुलांचा कान, चिघळलेला कीटकदंश, इम्पेटिगो म्हणजे त्वचेवरचे पिकलेले फोड, बायकांचा साधा लघवीचा संसर्ग आणि नागीण, या सात दुखण्यांवर केमिस्ट स्वतः तपासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय औषध देऊ शकतो. वयाच्या आणि इतर अटी आहेत, त्या तोच विचारून घेतो. ऑगस्टमध्ये नवऱ्याच्या बरगडीवर नागीण उठली तेव्हा आम्ही सर्जरीला फोनच केला नाही. पुरळ दिसल्यावर लवकर जावं लागतं, शक्यतो तीन दिवसांच्या आत. तो दुसऱ्याच दिवशी गेला. ९ पौंड ९० पेन्स भरले आणि गोळ्या घेऊन आला. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळू देऊ नका म्हणून बजावलं, तेही त्याने मनोभावे ऐकून घेतलं.

आता मुख्य गाऱ्हाणं. इथे उपचार फुकट म्हणतात, पण व्हिसावर आलेल्यांना ते फुकट नाहीत. आरोग्य अधिभार मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, मुलाला ७७६. आमच्या तिघांच्या तीन वर्षांच्या व्हिसाला ८,५३८ पौंड विमानात बसायच्या आधीच भरले, शिवाय पगारातून कर जातोच. त्यामुळे "रांगेत सव्विसावे" ऐकलं की डोक्यात रुपये फिरायला लागतात.

पण असं का होतं हे कळल्यावर राग थोडा खाली बसला. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, ५ जुलै १९४८ ला सुरू झाली, तेव्हापासून बहुतेक जीपी सरकारी नोकर नाहीत. सर्जरी हा डॉक्टरांचा स्वतःचा धंदा, सरकारशी कंत्राट केलेला. आणि त्यांना मुख्यतः पैसे मिळतात ते यादीतल्या डोक्यांमागे, भेटींमागे नाही. आमचे नाशिकचे डॉक्टर "चार दिवसांनी दाखवून जा" म्हणायचे. मी गेले तर त्यांची फी व्हायची. इथे मी महिन्यातून चारदा गेले काय आणि वर्षभर फिरकले नाही काय, सर्जरीच्या गल्ल्यात तेवढेच. म्हणून तिथे बाहेरच्या बाकावर गर्दी आणि इथे बाहेरचा बाक रिकामा, गर्दी सगळी फोनमध्ये. पहिल्यांदा आत गेले तेव्हा त्या रिकाम्या खुर्च्या बघून मी चिडलेच होते.

ती "उद्या फोन करा"ची गंमत तर पुढेच. २०२३ पासून कंत्राटातच लिहिलंय की पेशंटला नंतर फोन करा म्हणून परत पाठवायचं नाही, पहिल्याच संपर्कात पुढे काय ते सांगायचं. मला तीनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा मी हा नियम शांतपणे बोलून दाखवला, तर "एक मिनिट हं" म्हणून त्यांनी कुणाला तरी विचारलं आणि दुपारी डॉक्टरांचा फोन येईल असं सांगितलं. आवाज चढवायची गरज पडली नाही. आवाज चढवला तर फोन ठेवतात, तशी पाटीच आहे.

१ ऑक्टोबर २०२५ पासून मात्र खरा फरक पडला. त्याआधी आमच्या सर्जरीचा ऑनलाइन फॉर्म आठला उघडायचा आणि वीस मिनिटांत "आजची मर्यादा संपली" म्हणून बंद व्हायचा. आता सोमवार ते शुक्रवार सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा तो उघडा ठेवणं सगळ्यांना बंधनकारक आहे. तातडीचं असेल तर फोनच करायचा, पण बाकी सगळं दुपारी जेवताना सुद्धा लिहून टाकता येतं.

आणि इथे माझी खरी परीक्षा झाली. गेल्या उन्हाळ्यापासून मला थकवा होता. आपल्याकडे डॉक्टरसमोर बसून "कणकण वाटते, अंगात कसकस आहे" म्हटलं की पुढचं ते काढून घेतात. फॉर्मवर कणकणला शब्द नाही. ठणका, कळ, चमक, मुरडा, सणक, हे सगळं त्यांच्या लेखी एकच दुखणं आणि त्याला एक ते दहा मार्क द्यायचे. मी लिहिलं, थोडं थकल्यासारखं वाटतं, तसं तातडीचं काही नाही, तुम्हाला वेळ असेल तेव्हा बघा. आपण असेच बोलतो, समोरच्याला त्रास नको म्हणून. उत्तरात झोप कशी सुधारावी याची लिंक आली.

ग्रुपमधल्या एक ताई इथे बरीच वर्षं नर्स आहेत. त्यांना तो मजकूर दाखवला तर हसल्या. म्हणाल्या, "अगं, तुझं फॉर्म वाचणारी व्यक्ती तुझा चेहरा बघत नाहीये. तू 'विशेष काही नाही' लिहिलंस, तिने ते खरं मानलं. कधीपासून होतंय, आधी काय करू शकत होतीस आणि आता काय जमत नाही, आणि तुला भीती कशाची वाटते, एवढं लिही. वाढवून नको, पण कमी करूनही नको."

नोव्हेंबरमध्ये पुन्हा लिहिलं. चार महिने झाले. एक जिना चढला की धाप लागते, आधी लागत नव्हती. ऑफिसात दुपारी अडीचला डोकं टेबलावर टेकावं लागतं. पाळी नऊ-दहा दिवस चालते. रक्त कमी झालं असेल अशी भीती वाटते. सकाळी साडेदहाला पाठवलं, सव्वाबाराला डॉक्टरांचा फोन. दोन दिवसांनी रक्त घेतलं. शुक्रवारी एनएचएसच्या ॲपवर अहवाल आला आणि हिमोग्लोबिन ८९ बघून मी चक्रावले. मग उलगडलं, इथे लिटरमागे मोजतात. आपल्या भाषेत ८.९.

त्यानंतरची भेट प्रत्यक्ष झाली, आणि प्रामाणिकपणे सांगते, आतला अनुभव उत्तम होता. वेळ दहाच मिनिटांची असते, पण डॉक्टरांनी मला एकदाही घड्याळ दाखवलं नाही. त्यांना पाळीबद्दल सगळं विचारायचं होतं, मला ते रिसेप्शनला सांगायला लाज वाटत होती हेही त्यांनी ओळखलं. "नुसतं खासगी आहे म्हणालात तरी चालतं," म्हणाल्या. सोनोग्राफीसाठी चिठ्ठी पाठवली, लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, एवढी एकच अट जड गेली. ज्यांना दर महिन्याला दोन-तीन औषधं लागतात त्यांनी वर्षाचा ११४ पौंड ५० पेन्सचा आगाऊ पास काढावा, सुटं सुटं भरण्यापेक्षा परवडतो.

काही बारीकसारीक. तेरा महिन्यांत मी प्रत्यक्ष डॉक्टरला दोनदाच भेटले. बाकी नर्स, सर्जरीतला फार्मासिस्ट, एकदा फिजिओ. "मला कोण बघणार आहे?" हे आधीच विचारायचं, त्यात उद्धटपणा नाही. नोकरीवाल्यांनी संध्याकाळी साडेसहानंतरच्या आणि शनिवारच्या वेळा मागून घ्याव्यात. त्या शेजारच्या दुसऱ्या सर्जरीत असू शकतात आणि आपणहून कुणी सांगत नाही. सात दिवसांपर्यंतच्या आजारपणाला ऑफिससाठी डॉक्टरचा दाखला लागत नाही, स्वतःच लिहून द्यायचं, त्यासाठी आठच्या रांगेत उभं राहू नका. रात्री-अपरात्री सल्ल्यासाठी एनएचएसचा १११ हा फोन नंबर. आम्ही एकदा केला, दोन तासांनी परत फोन आला, सल्ला नीट होता, पण ते दोन तास मुलीचा ताप मोजत काढले.

तारे द्यायचे तर दाराला दोन, आतल्या माणसांना साडेचार. भारतात सुट्टीवर गेल्यावर सगळ्या तपासण्या उरकून यायचं, असं ग्रुपवर निम्मे लोक करतात. मीही करणार होते, पण तिकीट मे महिन्याचं होतं आणि जिना रोजचा.

ता. क. परवा फेरतपासणीचा अहवाल आला, १२१. गोळ्या अजून तीन महिने चालू ठेवा, असा सर्जरीचा मेसेजही आपणहून आला. फोन करावा लागला नाही. आईला आकडा कळवला तर म्हणाली, "एकशे एकवीस? अगं, जास्त नाही ना झालं?"